तुमच्या बहिणीच्या रांगेत कोणीच नव्हतं

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात घालता येत नाही, खुर्चीत बसल्याबसल्याच घातला आहे, पण मनापासून.) खरं म्हणजे मी तुमच्या घरचा जावई, तेव्हा मान माझा. पण बायको तुमच्याकडे आणि मी इकडे एकटा, अशा परिस्थितीत कोणी कोणापुढे वाकायचं एवढं मला कळतं. तुमचा दमा कसा आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं ऐकलं, बरं वाटलं. कोणाकडून ऐकलं म्हणाल, तर तुमच्या सूनबाईंनी एकदा चुकून माझा फोन उचलला होता. त्यानंतर त्या घरात कोणाच्या हातून ती चूक झालेली नाही. माझी प्रकृती विचाराल तर उत्तम आहे. शुगर वाढली आहे, झोप येत नाही आणि तीन शर्टांना बटणं नाहीत, बाकी उत्तम.

पत्र लिहिण्याचं कारण तुम्ही ओळखलंच असेल. तुमची बहीण "चार दिवस दादाकडे जाऊन येते" म्हणून गेली, त्या चार दिवसांत इथे स्वेटर बाहेर निघून पुन्हा कपाटात गेले. तिने तुम्हाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच सांगितलं नसेल. तोच तर तिचा स्वभाव. आणि ज्या बायका काही सांगत नाहीत त्यांच्या नवऱ्यांबद्दल लोक सगळं वाईट आपल्या मनाने समजून घेतात, म्हणून म्हटलं आपली बाजू आपणच मांडावी. तुम्ही वडीलकीच्या नात्याने ऐका, आणि ऐकून झालं की तिला म्हणा, बाई, झालं गेलं विसर आणि आपल्या घरी जा.

आता मूळ गोष्ट. आमच्या चौकातलं ते मोठं दुकान तुम्ही पाहिलंच आहे. तिथे दारातून शिरल्यावर डावीकडचा शेवटचा काउंटर तुमच्या बहिणीचा. आमची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून ती तिथे बसत आली. खुर्चीला तिने स्वतः शिवलेली गादी, बाजूला पाण्याची बाटली, आणि समोर सरकत येणारं अख्ख्या वस्तीचं सामान. मी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचले, लोकांच्या घरात शिरून. पण लोकांच्या घरातलं जेवढं तिला खुर्चीत बसून कळायचं तेवढं मला कधी कळलं नाही. कोणाकडे बाळ येणार, कोणाकडे आजारपण, कोणाची नोकरी गेली म्हणून साबण स्वस्तातला आला, सगळं तिला टोपलीतून दिसायचं. आणि घरी आल्यावर मी खोदून खोदून विचारलं तरी एक अक्षर सांगायची नाही. (मला याचा फार राग यायचा. घरात एवढा माहितीचा साठा, आणि नवऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.)

तर त्या दुकानात मशीन आलं. एक नव्हे, चार. खांबाच्या पलीकडे, जिथे पूर्वी बादल्या आणि झाडू ठेवायचे, तिथे. आपली वस्तू आपण दाखवायची, आपणच पिशवीत भरायची, आपणच पैसे चुकते करायचे आणि शेवटी मशीनने आपल्याला धन्यवाद म्हणायचं. मॅनेजरने सगळ्या कॅशियर बायकांना बोलावून सांगितलं की घाबरू नका, कोणालाही काढणार नाही, आम्ही काही ठरवणार नाही, गिऱ्हाईकच ठरवेल. दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखा हसून बोलला म्हणे. थोडे दिवस बघू, लोक माणसांच्या रांगेत उभे राहिले तर माणसं राहतील, मशीनकडे गेले तर मशीन. तुमच्या बहिणीचा यावर विश्वास बसला. तिला मॅनेजरवर नव्हे, गिऱ्हाइकांवर विश्वास होता. म्हणजे आमच्यावर.

त्या संध्याकाळी ती आमच्या बिल्डिंगचा प्रत्येक दरवाजा वाजवून आली. कधी कोणाकडे वाटीभर साखर मागायला न गेलेली बाई! खालच्या शिवणवाल्या बाईंकडे, वरच्या मास्तरांकडे, आमच्या सेक्रेटरींकडे. एवढंच म्हणाली की माझ्याच रांगेत या असं नाही, कोणत्याही बाईच्या रांगेत उभे राहा, पण माणसाकडे या. सगळ्यांनी शब्द दिला. शिवणवाल्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी यंत्रयुगावर बरंच काही ऐकवलं. सेक्रेटरी म्हणाले की मी बिल्डिंगतर्फे सांगतो, या इमारतीतला एक माणूस त्या मशीनला हात लावणार नाही. आणि या सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी जिन्यात उभा राहून म्हणालो की ज्याला माणसाशी दोन शब्द बोलायची लाज वाटते त्याने खुशाल मशीनकडे जावं. टाळ्या पडल्या, दादा. तुमची बहीण माझ्याकडे बघून हसली. ती तशी फार कमी वेळा हसते, म्हणून लक्षात राहिलं.

आता माझी अडचण समजून घ्या. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं हे तुम्हाला माहीत आहे, पण बंद करणं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुमची बायको कॅशियर नाही. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा मी टोपलीत कितीही खाली दडवला, वर कोबी ठेवला, तरी तुमची बहीण तो दोन बोटांनी उचलून काउंटरखाली ठेवायची आणि काही न बोलता पुढची वस्तू घ्यायची. मागे रांग. रांगेत मास्तर. मास्तर खोकले की मला कळायचं की त्यांनी पाहिलं. नोकरीत असताना मी भल्याभल्यांचं पाणी तोडलं आहे, आणि म्हातारपणी एका पुड्यासाठी असा चारचौघांत पाणउतारा! दुसरं दुकान गाठायचं तर टेकडी उतरून जावं लागतं आणि गुडघा हा असा.

म्हणून एका दुपारी मी सहज (खरोखर सहज) खांबाच्या पलीकडे गेलो. तिच्या काउंटरवरून तो कोपरा दिसत नाही. मशीनमध्ये एक बाई बोलते. आवाज गोड, पण डोक्याला ताप. वस्तू दाखवा म्हणते, दाखवली की ठेवा म्हणते, ठेवली की ठेवलीच नाही म्हणते. मी जरा टेकलो, तर माझ्या कोपराचं वजन झालं आणि ती म्हणाली की पिशवीत अनोळखी वस्तू आहे. दादा, या वयात कोणी आपल्याला अनोळखी वस्तू म्हणालं की लागतं हो. पण एक गोष्ट मानली पाहिजे. त्या बाईने पुडा घेतला, पिक्‌ केलं आणि सोडून दिला. हे कोणासाठी, असं विचारलं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते, हेही नाही. मी दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून अख्खा पुडा खाल्ला आणि मला वाटलं, एवढंच तर आपण जन्मभर मागत होतो.

मग जात राहिलो. रोज नव्हे, पण जात राहिलो. आणि सोबत तिच्या रांगेतही जायचो बरं का, भाजी आणि पीठ घेऊन. शब्द दिला होता ना.

पुढे तो शनिवार आला. सकाळची वेळ, दुकानात तुरळक गर्दी. मी कोपऱ्यात पोचलो तर पहिल्या मशीनपाशी आमच्या शिवणवाल्या बाई. हातात तयार शिवलेला ब्लाउज! आयुष्यभर जगाला सांगत आल्या की तयार कपड्याला ना फिटिंग ना शिलाई. दुसऱ्या मशीनपाशी मास्तर, केसांचा काळा रंग घेऊन. (आमच्या वयाला एवढे काळे केस हे ब्रह्मचर्याचं फळ आहे असं ते जिन्यात सांगतात. दोन मुलं आहेत त्यांना.) तिसऱ्यापाशी सेक्रेटरी. मांजरांना खायला घालणाऱ्यांवर कारवाई होईल, अशी पाटी लावणारे सेक्रेटरी, मांजरांच्या खाण्याचे डबे पिशवीत भरत होते. कोणी कोणाला नमस्कार केला नाही. चौघंही जण आपापल्या मशीनमध्ये असं तोंड खुपसून उभे राहिलो की जसे काही आम्ही एकमेकांना जन्मात पाहिलेलंच नाही. मास्तर तेवढे वर छताकडे बघून म्हणाले की आज रांगा फार आहेत. रांगा कुठेच नव्हत्या.

आणि इथे माझा घात झाला. त्या दिवशी मोठा डबा होता, आत थरावर थर बिस्किटं आणि वर चित्र. दुकानातल्या माणसांच्या घरच्यांना एक कार्ड मिळतं, ते दाखवलं की प्रत्येक वस्तूवर सूट. इतके दिवस ते कार्ड काढायच्या मोहाला मी आवर घातला होता, पण सूट फुकट सोडणं माझ्या रक्तात नाही. हात आपोआप खिशात गेला आणि मी तुमच्या बहिणीचं कार्ड मशीनला दाखवलं. ज्या बाईपासून लपवायचं तिचंच कार्ड! असा गाढवपणा जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणी केला नसेल. मशीनच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला आणि आतली बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की कर्मचारी सवलतीची खात्री करायची आहे, मदतीसाठी थांबा.

मशीनपाशी एक मुलगी उभी असते, ती चहाला गेली होती. तिच्या जागी थोडा वेळ दुसऱ्या कोणाला पाठवायचं, तर ज्या काउंटरला गिऱ्हाईक नाही तिथून पाठवायचं, हे उघडच आहे. तर दादा, तुमची बहीण आली. गळ्यात किल्ली अडकवून. तुमच्या बहिणीच्या रांगेत कोणीच नव्हतं, कारण आम्ही सगळे इथे होतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. मग हळूहळू मास्तरांकडे, सेक्रेटरींकडे, शिवणवाल्या बाईंकडे. तुम्ही म्हणाल भांडली असेल. भांडली असती तर मी आज तिच्या पाया पडून मोकळा झालो असतो. तिने किल्ली फिरवली, बटण दाबलं, दिवा हिरवा झाला आणि मला म्हणाली, "धन्यवाद. पुन्हा या." गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मग शिवणवाल्या बाईंना बारकोड सापडत नव्हता तो शोधून दिला आणि हळूच सांगितलं की मागच्या वेळचा तुम्हाला खांद्यात सैल झाला होता ना, लहान मापाचा आतल्या बाजूला आहे. सेक्रेटरींना म्हणाली की हे डबे दोन घेतले तर एक फुकट आहे. म्हणजे तिला सगळं आधीपासून माहीत होतं! वर्षानुवर्षं माहीत होतं आणि एका अक्षराने ती कोणाला बोलली नव्हती. मग आम्ही लपत कोणापासून होतो, सांगा बरं? मी डबा घेऊन बाहेर आलो. त्या दिवशी पायरीवर बसलो नाही.

घरी मला वाटलं, आता आकाश कोसळेल. काहीच कोसळलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातही तीच पद्धत सुरू झाली. जेवण ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं, आपलं आपण घ्यायचं. चहा थर्मासमध्ये. पूर्वी गोळ्या ती माझ्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची, त्या गोळ्या आता फडताळात, चिठ्ठीसकट. अजून एक पोळी घ्या म्हणणं नाही, उशीर का झाला म्हणणं नाही. आणि तो बिस्किटांचा डबा, मी माळ्यावर ट्रंकेमागे लपवलेला, तो काढून तिने जेवणाच्या टेबलावर मधोमध आणून ठेवला. झाकण सैल करून. मी दोन दिवस त्याच्याकडे पाहत राहिलो, तिसऱ्या दिवशी बिस्किटं खाल्ली. ती समोरच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. दादा, इतकी वर्षं ती मला अडवायची म्हणून मी चिडायचो. त्या दिवशी कळलं की मला अडवणारं या जगात एकच माणूस होतं आणि त्याने ते काम सोडून दिलं.

दुकानात व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकांनी ठरवलं असं मॅनेजर म्हणाला. काउंटर उचलले, त्या जागी आणखी मशीनं. आणि शब्द दिल्याप्रमाणे कोणालाही काढलं नाही! तुमच्या बहिणीला एक पिवळं जॅकेट दिलं आणि दारापाशी उभं केलं. कोणी म्हातारंकोतारं माणसाचा काउंटर शोधत आलं की त्याच्या हातातली टोपली घ्यायची आणि त्याला मशीनपाशी नेऊन शिकवायचं. खुर्ची नाही. खुर्ची दिली तर बसलेलं दिसतं म्हणे. संध्याकाळी तिचे पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा मांसात रुतलेला असायचा. मी एकदा गरम पाण्याची बादली उचलायला गेलो, तर म्हणाली, "राहू द्या, माझं मी करते." तिने असं किती दिवस काढले ते तिचं तिला माहीत. मग एका सकाळी ते जॅकेट धुऊन, घडी घालून परत दिलं आणि तुमच्याकडे आली.

आता गंमत ऐका. सगळी बिल्डिंग हळहळते आहे. मास्तर जिन्यात सांगतात की यंत्रांनी माणुसकी खाल्ली. सेक्रेटरी दुकानाचा निषेध करणार आहेत, वेळ मिळाला की. शिवणवाल्या बाई मला विचारतात, वहिनी कधी येणार हो, त्यांच्यासारखी बाई होणे नाही. आणि मी त्यांच्या तोंडावर सांगत नाही की तिला यंत्राने नाही खाल्लं, एका ब्लाउजने, एका रंगाच्या बाटलीने आणि एका बिस्किटाच्या डब्याने खाल्लं. मी आपला मान हलवतो आणि म्हणतो, हो ना, काळच तसा आलाय. एवढा कडू घोट मी डॉक्टरांकडेही घेतलेला नाही.

परवा मशीनपाशी एक म्हातारी गोंधळून उभी होती. दिवा लाल, आत ती गोडबोली अनोळखी वस्तू, अनोळखी वस्तू करत होती. कोणी आलं नाही. मी दाखवून दिलं तिला, कुठे दाबायचं ते. तर ती म्हणाली की पूर्वी इथे एक बाई बसायची, माझ्या पिशवीत जड सामान खाली आणि अंडी वर ठेवायची, आता घरी जाईपर्यंत माझी अंडी फुटतात. मी म्हणालो, हो, मला माहीत आहे ती बाई. आणि तिची अंडी वर ठेवून दिली, दादा.

असो. तर माझी बाजू ही अशी आहे. लिहिताना वाटलं होतं की बरीच भक्कम निघेल. तुम्ही तिला समजावून सांगा. बटणं मी माझी लावायला शिकेन, ते सांगू नका. घर मोकळं मोकळं वाटतं, तेही नको. नुसतं म्हणा, की तो वाट पाहतो आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि शक्य झालं तर एकदा फोन उचला.

तुमच्या दाराशी अजून पायरीवरच उभा असलेला,
तुमचा जावई

ता. क. एक सांगायचं राहिलं. (राहिलं नव्हतं, टाळत होतो.) गेल्या आठवड्यात मॅनेजर घरी येऊन गेला. मशीनच्या हिशोबाने आमची सगळी वस्ती गेले काही महिने फक्त कांदे खाते आहे. काट्यावर काहीही ठेवायचं आणि कांद्याचं बटण दाबायचं. बदाम कांदे म्हणून, लोणी कांदे म्हणून, एकाने तर मिक्सर कांदे म्हणून नेला. तेव्हा वरून हुकूम आला आहे, एक काउंटर माणसाचा सुरू करा. खुर्चीसकट. त्यांना तुमची बहीण हवी आहे, आणि पहिल्या तारखेच्या आत कळलं नाही तर दुसरी कोणी बसवणार आहेत. मी म्हणालो, विचारून कळवतो. तिला कळवलेलं नाही. कारण ऐकलं की ती मिळेल त्या गाडीने निघेल, काउंटरसाठी. आणि मग ती माझ्यासाठी आली असती का, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. म्हणून दादा, माझी खरी विनंती ही, की काउंटरचं तिला इतक्यात बोलू नका. आधी जेवणं झाल्यावर सहज विचारा की घरी जावंसं वाटतं का. काय म्हणते ते मला कळवा. मग सांगा काउंटरचं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. वरचं करू नका. तिला आजच सांगा, पत्र वाचून झाल्याझाल्या, आणि माझं नाव न घेता. इथे आल्यावर तिने घरीच उतरलं पाहिजे असंही नाही. दुकानाच्या मागच्या गल्लीत तिची पॅकिंगमधली मैत्रीण राहते, तिच्याकडे खोली रिकामी आहे, मी जाऊन विचारून आलो. काउंटर सुरू झाला की मीही रांगेत उभा राहीन. सगळ्यांना म्हणते तसं तिने मान वर न करता "पुढचे, या" एवढं म्हटलं, तरी मला चालेल.